आतल्या बाजूची वाफ

हे माझ्यावर गुदरलं आहे. ऐकीव असतं तर मी याहून चांगलं सांगितलं असतं. घडलेल्या गोष्टीला इतका नीट घाट नसतो.

रात्र नव्हती. उन्हाळ्यातल्या एका रविवारची भर दुपार होती, आणि जागा माझ्याच घरातली मागची खोली.

त्या खोलीत मी विमानं बनवतो. प्लास्टिकचे सुटे भाग जोडून, घासून, रंगवून केलेली, हातभर लांबीची लढाऊ विमानं. भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, खरी उडवायचे. सुट्टीवर आले की माझ्या टेबलाशी उभे राहून चिडवायचे.

"छोट्या, तुझं बरं आहे रे. पडलं तरी टेबलाखालीच पडतं."

"आणि तुमच्यासारखा दर वर्षी फिटनेस दाखवावा लागत नाही," मी म्हणायचो. ताई आतून ओरडायची, "पुरे झालं दोघांचं, जेवायला या."

मग भाऊजींचं विमान गेलं.

ते आकाशातून पडलं नव्हतं. धावपट्टीवर उतरलं होतं. चाक मोडलं, विमान पोटावर घसरत गेलं आणि थांबलं. भाऊजी शुद्धीवर होते. फक्त डोक्यावरची काच उघडली नाही. धावत गेलेल्या लोकांना आत त्यांचा हात दिसत होता. काचेवर आपटणारा. मग धूर दाटला आणि तोही दिसेनासा झाला.

ताई त्याबद्दल कधीच बोलली नाही. वर्षं गेली. त्या वर्षी मात्र अचानक म्हणाली, "मला ह्यांचं विमान करून दे."

"कुठलं?"

"तेच."

मग ती म्हणाली, "काच उघडी ठेव. एवढंच कर माझ्यासाठी."

मी कबूल केलं. त्यापेक्षा मोठं वचन मी कुणालाही दिलेलं नाही.

भाऊजींना मी बोटाच्या पेराएवढं घडवलं. शिरस्त्राण रंगवलं, खांद्यावरचे पट्टे शिशाच्या पातळ पत्र्यातून कापून बसवले. मग राहिलं बाहेरचं अंग. आता यात एक अडचण असते. काच उघडी ठेवून फवारा मारला तर रंग आत जातो. म्हणून काच तात्पुरती बंद करायची, तिच्यावर कागदी चिकटपट्टी लावायची, विमान रंगवायचं आणि मग काच काढून घ्यायची. त्यासाठी पांढरा गोंद वापरतात. ओल्या कापसानं तो सहज सुटतो.

त्या दुपारी ताई विमान बघायला आली होती. बाहेरच्या खोलीत बसली होती.

"झालं का रे?"

"आलोच. रंगाचा शेवटचा हात मारतो."

"घाई नको करू."

मी घाईच केली. पांढरा गोंद वाळायला वेळ लागतो, म्हणून काचेच्या मागच्या कोपऱ्यात मी झटकन चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब सोडला. एकच. ही चूक माझ्यासारखा जुना माणूस करत नाही. त्या गोंदाची वाफ काचेला आतून पांढरी करते, हे आमच्यातलं नवशिकं पोरही सांगेल.

धूळ येऊ नये म्हणून मी खिडकीच्या फटींना पट्टी लावली. दार लोटलं, खाली ओला टॉवेल सरकवला. पंखा बंद केला. करडा रंग मारला. तो वाळल्यावर काचेवरची चिकटपट्टी सोलून काढली.

काच आतून धुरकटली होती.

मी स्वतःला शिवी हासडली. अपेक्षित होतं ते झालं होतं. बाहेर ताई होती आणि तिला दाखवायला माझ्याकडे धुरानं भरलेलं विमान होतं.

मी दिवा जवळ ओढला... आणि बघतच राहिलो.

गोंदाचा डाग हलत नाही. तो एकदा बसला की बसला.

हा हलत होता.

पसरत होता, विरत होता. पुन्हा पसरत होता. त्याला लय होती, आणि ती लय मला ओळखीची वाटली, कारण माझीही छाती त्याच लयीत वरखाली होत होती.

मग त्या पांढुरक्या धुक्यात... मोहरीएवढी एक स्वच्छ जागा उमटली.

आतून पुसल्यासारखी.

मी पात्याचं टोक काचेच्या कडेला लावलं. काच हलली नाही. तो एक थेंब आणि त्यावर बसलेला रंग, दोघांनी तिला धरून ठेवलं होतं. मी पातं बाजूला ठेवलं आणि तेव्हा मला शांततेची जाणीव झाली.

शेजारच्यांचा रेडिओ बंद. रस्त्यावरची गाडी नाही, कुत्रं नाही. बाहेरच्या खोलीत ताईच्या बांगड्यांची किणकिण नाही. जणू दुपारच कुणी काचेत बंद करून बाहेर ठेवली होती.

"ताई?"

पुन्हा जोरात हाक मारली.

उठलो. टॉवेल पायानं सारला आणि दाराची मूठ धरून ओढली.

दार आलं नाही.

त्या दाराला कडी आतून आहे, आणि मी ती लावलेली नव्हती. पुन्हा ओढलं. एक पाय चौकटीला टेकवून ओढलं. दार आत उघडतं, उन्हाळ्यात कधी आखडत नाही. आज ते भिंतीचाच भाग झालं होतं.

मी दार ठोकलं. "ताई! जरा ढकल गं!"

मागून आवाज आला.

ठक... ठक...

नखानं प्लास्टिकवर मारावं एवढा बारीक. टेबलावरून.

मग पुन्हा दारावर थाप मारली, मुद्दाम वेगळ्या ठेक्यात. मागून तोच ठेका आला. मला वाटलं, कुणी माझी नक्कल करतंय. मी पुन्हा हात उचलला...

हात दाराला लागायच्या आधीच मागे थाप पडली.

नक्कल मी करत होतो.

खिडकीला जाळी होती. हवा जड झाली होती. रंगाच्या वासात जळक्या रबराचा वास मिसळला, आणि माझ्या खोलीत रबर कुठेच नव्हतं. त्या क्षणी मला एकच गोष्ट लख्ख कळली. ती काच उघडल्याशिवाय मी इथून बाहेर पडणार नाही.

मी टेबलाशी परतलो. बारीक करवत घेतली. घाईत करडा रंग ओरबाडला गेला, पंखाला ओरखडा पडला. कडेकडेनं कापत गेलो. बोट कापलं. काच मधोमध तडकली... आणि निघाली.

कुणीतरी खूप वेळ कोंडून धरलेला श्वास सोडावा, असा आवाज झाला. तो मी सोडला की आणखी कुणी, हे मी आजही सांगू शकत नाही.

पाठीमागे दार धाडकन उघडलं. ताई जवळजवळ आत कोसळलीच.

"कानात बोळे घातले होतेस का? किती हाका मारल्या! ढकलून ढकलून हात मोडले माझे!"

"मी आतून ओढत होतो, ताई."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मग दाराला टेकून कोण उभं होतं?"

"कुणी नाही."

"होतं. आतून कुणीतरी पाठ लावली होती." ती हळू बोलत होती. "फळीतून खांदे कळत होते मला, छोट्या."

दाराची मूठ ओढताना माझा चेहरा त्या फळीपासून वीतभर अंतरावर होता. माझ्या आणि दाराच्या मधे जेवढी जागा होती, तेवढ्यात...

मी तो विचार पुढे नेत नाही.

नंतर मी नवी काच आणली, उघडी बसवली, ओरखडे बुजवले आणि विमान ताईच्या घरी पोचवलं. मित्र म्हणतात, बंद खोलीत थिनर डोक्यात गेलं असणार. असेल. त्यांच्यापुढे मी मान डोलावतो. ताईच्या डोक्यात काय गेलं होतं, हे ते सांगत नाहीत.

गेल्या आठवड्यात तिच्याकडे गेलो होतो. विमान तिच्या खुर्चीजवळच्या तिवईवर होतं.

काच बंद होती.

कडेनं गोंद ओघळून वाळला होता. अडाणी हातानं, पण भरपूर लावलेला.

"हे कुणी केलं?"

"मी."

"ताई, तूच म्हणाली होतीस ना, उघडी ठेव म्हणून?"

"म्हणाले होते." तिनं पदरानं काच बाहेरून पुसली. आतली वाफ तशीच राहिली. "इतकी वर्षं रोज काच ठोकल्याचा आवाज यायचा रे, भिंतीतून, कपाटातून. सहन होत नव्हता. म्हणून ह्यांना सोडवायला सांगितलं तुला. तू काच उघडलीस आणि आवाज थांबला."

"मग?"

"मग घर इतकं रिकामं झालं, छोट्या... इतकं रिकामं. गोंद लावून ठेवला अन् परत बोलावलं."

माझा हात नकळत काचेकडे गेला. तिनं तो धरला. पकड अशी, की बोटं पांढरी पडली.

"हात लावायचा नाही," ती म्हणाली. मग एकदम नेहमीच्या, मायेच्या आवाजात, "बस ना जरा. हे शांत झाले की चहा टाकते."

मला काहीच ऐकू येत नव्हतं.

तिनं हात सोडला नव्हता. मी बसलो, आणि ऐकू लागलो.