चौथी पाचर

दिवा थोडा अलीकडं घ्या, किशनराव. आणि त्या दाराशी झटापट करू नका, ते लागत नाही. सुताराच्याच घराचं दार लागत नाही म्हणून गल्ली हसते. हसू द्या. उद्या तुम्ही मास्तर म्हणून चारठाण्याला रुजू व्हायला निघालात, म्हणून थांबवून घेतलं. तिकडं माझं एक काम आहे. आधी ऐकून तर घ्या.

पोलीस ॲक्शन होऊन पाचेक वर्षं झाली होती. सेलू आणि मानवतच्या मधल्या एका लहानशा स्टेशनावर मी रेल्वेचा सुतार होतो. ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी, मालगाडी बाजूच्या लाइनीवर घेताना दोन डबे घसरले आणि दांडा ओढून गाडीचे रूळ बदलणारा सांधेवाला बिरू त्यांच्याखाली सापडला. त्यानं दांडा अर्धवट ओढला म्हणून सांधा नीट बदलला नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. प्यालेला असेल, असंही कुणी म्हणालं. बिरूनं जन्मात सुपारी खाल्ली नव्हती.

महिन्याभरानं चौकशीचे साहेब आले. तोवर मोडके रूळ उखडून नवे टाकले होते. साहेबांनी मला बोलावलं. "भुजंग मिस्त्री, जुना सांधा होता तसाच्या तसा लहान करून दे. मेजावर मावला पाहिजे आणि चाललाही पाहिजे. कमिटीला दाखवायचाय."

खोटं कशाला बोलू, ते काम मला फार आवडलं. मालधक्क्याच्या रिकाम्या खोलीत बसायचो. खऱ्या एका फुटाला अर्धा इंच, असं माप. रुळाखालचे स्लीपर सागवानाचे, बोटाएवढे तासले, पितळी पट्ट्या कानसून रूळ केले. सांध्याच्या दोन जिभांनी, म्हणजे सरकत्या टोकदार रुळांनी, मात्र घाम काढला. जीभ मोठ्या रुळाला पुरती चिकटली तर चाक वळतं, जरा फट राहिली की चाक त्या फटीत शिरतं. म्हणून जिभेचं टोक कागदाएवढं पातळ घासायचं. दोन लाइनी एकमेकींना कापतात तिथं चाकाची कड जायला जागा लागते, ती मी मध्ये निजामाचा हाली पैसा धरून बेतली. तीन जिभा फुकट गेल्या. चौथी बसली.

बिरूची बायको म्हाळसाबाई रोज दुपारी दाराशी येऊन बसायची. त्याच वेळेला ती त्याची भाकर घेऊन यायची पूर्वी.

"लय बारीक काम करायलाव, दादा."

"साहेबांचा हुकूम आहे."

"त्येंनी दांडा पुरा वढला व्हता. म्या ह्या डोळ्यानं बघितलं. कुनी ऐकंना झालंय." मग सांध्याकडं बोट करून म्हणाली, "ह्ये तरी खरं सांगंल ना?"

"सांगेल," म्हणालो.

सांधा पुरा झाला त्या दिवशी मी दांडा ओढून लाकडी डबा वीस वेळा फिरवला. एकदाही अडला नाही. कुलूप लावून पाणी प्यायला गेलो, आलो, पुन्हा दांडा ओढला… जीभ अर्ध्यात थांबली. जीभ आणि रूळ यांच्या मध्ये गव्हाच्या दाण्याएवढी एक कपची अडकली होती. काढून फेकली. दुसऱ्या दिवशी तशीच. तिसऱ्या दिवशी खिडकीला खिळे ठोकून गेलो. परत आलो तर खोलीत लसणाच्या चटणीचा वास होता, भाकरीचं फडकं नुकतंच सोडल्यासारखा. आणि कपची होतीच.

मग घड्याळजीचं भिंग आणून ती बघितली. बाभळीची होती. कपची कसली, तासलेली पाचर होती ती. तिचा डावा कोपरा उडवलेला. पाचर ठोकताना अंगठ्याला लागू नये म्हणून माझ्या पाचरीचा डावा कोपरा मी उडवतो. दुसरं कुणी उडवत नाही. 

आता ते सांगतोच, किशनराव. डबे घसरले त्या दिवशी सकाळी सांध्याखालचा कुजका स्लीपर मीच बदलला होता. जीभ सरकू नये म्हणून मध्ये पाचर ठोकली; काम झालं की ती काढायची असते. चार पाचरी घेऊन गेलो होतो, तीन घेऊन आलो. एक गवतात पडली असेल, अशी मनाची समजूत घातली. डबे घसरले तेव्हाही तीच घातली.

कमिटीच्या दिवशी नमुना मेजावर ठेवला. म्हाळसाबाई दाराशी उभी होती. साहेब म्हणाले, "मिस्त्री, ओढ दांडा." मी वाकलो. पाचर जागेवर होती. बोलायला तेवढाच एक क्षण होता. नोकरी गेली असती, कदाचित तुरुंगही. मी "धूळ बसलीय, साहेब," म्हणालो, फडक्यानं पुसल्यासारखं केलं आणि पाचर मुठीत घेतली. दांडा ओढला. डबा सुरळीत वळला.

"सांधा निर्दोष," साहेब म्हणाले. "दांडाच पुरा ओढला नव्हता."

बाहेर म्हाळसाबाईनं मला गाठलं. "दादा, तुमी सोताच्या हातानं केलंय त्ये. खरं बोललं का?"

"हो," मी म्हणालो.

 ती हळूच म्हणाली, "मंग माझंच चुकलं. भाकर आली म्हून म्याच हाक मारली व्हती… तवाच हात सुटला आसंल त्येंचा."

तेव्हा तरी बोलायचं होतं. नाही बोललो. आपण कसले आहोत, ते मला त्या दिवशी कळलं. ती गेल्यावर मूठ उघडली. आत काही नव्हतं, तळव्याला नुसतं काळं वंगण लागलं होतं. त्या दिवशी घरी आलो आणि घराचं दार लागेना. खाली बघितलं तर पाचर. वीतभर, बाभळीची, डावा कोपरा उडवलेली. चुलीत घातली. सकाळी पुन्हा तिथंच. सात वर्षं झाली या गोष्टीला. घरं दोन बदलली, दार तीनदा नवं केलं. स्टेशन इथून पाच कोस, पण तिच्या टोकाचं वंगण रोज ओलं असतं.

म्हाळसाबाई चारठाण्याला भावाकडं मेंढरं राखते. अजून सांगत असते म्हणे, मी हाक मारली नसती तर नवरा वाचला असता.

आता उठा. दार ओढून बघा… नाही ना लागत? खाली वाका, हाताला येईल. घ्या ती. वंगण पुसू नका. तिला द्या आणि सांगा, ही भुजंग मिस्त्रीची आहे, बिरूनं दांडा पुरा ओढला होता. जा.

आणि मी मागून हाक मारीन, किशनराव, मी स्वतःला ओळखतो… थांबू नका.