आधी नळी

दिवा मालवा किंवा राहू द्या, या गोष्टीला त्याने फरक पडत नाही. ही आमच्या ऑफिसातल्या एकाची हकिकत. हुद्द्याने आवक-जावक कारकून, पण फायलींपेक्षा तारांत जास्त रमायचा, म्हणून सगळे त्याला वायरमन म्हणत. साहेबांचा पंखा त्याने तीनदा दुरुस्त केला. चौथ्यांदा साहेबच उकाड्यात बसायला तयार झाले.

गेल्या वर्षीचा अठरा नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळी हा एक वायर घ्यायला दुकानात गेला. घरी आई अंथरुणाला खिळलेली. उद्याची सकाळ दिसेल असं डॉक्टरांनाही वाटत नव्हतं. तिने एकच मागितलं होतं. अकरा वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्याचा आवाज एकदा ऐकव. तो आवाज एका कॅसेटवर होता. टेपरेकॉर्डर फिरत होता, पण त्याचा स्पीकर कधीच मेला होता. आवाज बाहेरच्या स्पीकरात न्यायचा तर वायर हवी, आणि त्या जुन्या पिनेची वायर आता बनत नाही.

दुकानदार म्हणाला, पंधरा वर्षांत ही मागणारं तूच पहिलं गिऱ्हाईक. टेपची जुनी आखूड वायर घरी असेल, ती मधोमध काप, नव्या पिनेच्या वायरीला जोड. वर वीतभर काळी स्लीव्ह दिली. स्लीव्ह म्हणजे बारीक नळी. आतल्या तारेच्या जोडावर आणून ऊब दिली की आक्रसून गच्च बसते. ती नसेल तर तार भोवती विणलेल्या तांब्याच्या जाळीला टेकते आणि आवाजाऐवजी नुसती घरघर. मेख एवढीच, की नळी जोड देण्याआधी तारेत ओवावी लागते. एकदा जोड बसला की दोन्ही टोकांना जाडजूड पिना. मग ती शिरणार कुठून?

वायरमनला हे नवीन नव्हतं. वडील रेडिओ दुरुस्त करायचे. आपलं काम आपल्याला ओळखू यावं म्हणून ते लाल नळी वापरत, आणि काडीपेटीच्या काडीने तापवत. मुलगा विसरला की टपली मारून म्हणत, "आधी नळी, मग डाख."

आईला औषध पाजून तो बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसला तेव्हा बारा वाजले होते. तारा सोलल्या, पीळ दिला, कथलाचा डाख दिला. छान चकचकीत जोड. काळी नळी समोर टेबलावर पडून. स्वतःला एक शिवी हासडून त्याने जोड कापला. परत तारा सोलल्या. तेवढ्यात आईने हाक मारली. पाणी पाजलं. तिने विचारलं, "झालं का रे?" तो म्हणाला, झालंच. धावत येऊन डाख दिला.

नळी टेबलावरच.

जुन्या पिनेकडची वायर आता बोटभर उरली होती. कापायला जागा नाही. चिकटपट्टीचं रीळ वाळून खडखडीत झालेलं. तशीच लावून पाहिली. टेप चालू केला. घरघर... नुसती घरघर. आतून आईचा श्वासही तसाच येत होता. हा टेबलावर डोकं टेकून रडला. बावन्न वर्षांचा माणूस.

दोन वाजून दहा मिनिटांनी वीज गेली.

घरघर थांबली. टेप थांबला. काहीच दिसेना. मोबाइल आईच्या उशाशी. तो उठणार, एवढ्यात आतून आई बोलली. दिवसभरात इतकी स्पष्ट बोलली नव्हती.

"अहो... आलात?"

हा जागीच थिजला.

मग ती म्हणाली, "त्याला रागावू नका. घाई झाली त्याला."

शेजारची खुर्ची करकरली. कुणी बसावं तशी.

काडी ओढल्याचा आवाज आला.

उजेड... नाही.

तापलेल्या रबराचा वास आला. अगदी जवळून. डोक्यावर काहीतरी टेकलं... हलकेच. टपलीसारखं.

वीज आली. टेप आपोआप फिरू लागला. घरघर नव्हती. स्वच्छ, खणखणीत आवाजात वडील कुणा गिऱ्हाइकाला सांगत होते, परवा या, उद्या नको.

तो आत धावला. आईचं तोंड दाराकडे होतं, कुणाला तरी निरोप देताना असावं तसं. श्वास थांबला होता. तिने टेप ऐकला की नाही, हे तो अजून मला विचारतो.

सकाळी टेबल आवरताना त्याने पाहिलं. काळी नळी होती तिथेच, अख्खी.

वायर ही बघा. त्याला ती घरात ठेववत नाही, म्हणून माझ्याकडे असते. दोन्ही टोकांना पिना आहेत. मधल्या जोडावर ती लाल... हो, तीच. हातोहात फिरवा. नळीला कुठे चीर सापडली, तर मला सांगा.