वाढत्या अंगाचा फ्रॉक

औषधवाल्याकडून किल्ली घ्यायची, शेजारचा रिकामा गाळा बघायचा आणि चिमणी झोपेतून उठायच्या आत घरी परतायचं, एवढंच त्या दुपारचं काम होतं. गाळा भर बाजारपेठेत. एका बाजूला औषधांचं दुकान, दुसऱ्या बाजूला घड्याळवाला. पुढे काच, मागे छोटी खोली, शटर एका हाताने वर जातं. भाडं इतकं कमी की मला शंका आली. पण मला शंका कशाचीही येते. लेक नेहमीपेक्षा जरा जास्त झोपली तरी मी तिच्या नाकाखाली बोट धरून बघते.

रात्री जेवणं उरकली आणि वीज गेली. मेणबत्तीभोवती सासरे, नवरा, नणंद आणि मांडीवर झोपलेल्या चिमणीसकट मी. विषय अर्थात गाळ्याचा. नोकरी सोडल्यापासून मी पहिल्यांदाच स्वतःचं असं काहीतरी मागत होते, आणि त्यावर प्रत्येकाचं मत तयार होतं.

"मोबाईलचं टाक," नवरा म्हणाला. "डोळे झाकून चालेल."

"मोबाईलवाला तिथून उठून गेला, दादा. चपलावाला गेला, केकवालाही गेला. वहिनी, तू पार्लर काढ. निदान मी तरी येईन."

"फुकट," नवरा म्हणाला.

"मग? घरचीच ना मी."

"लहान मुलांचे कपडे ठेवावेत असं मनात आहे," मी म्हणाले. "मागच्या खोलीत खुंटीवर कोणाचा तरी फ्रॉक राहिलाय. पिवळा. तो बघूनच सुचलं."

बाबा पाणी पीत होते. त्यांनी पेला खाली ठेवला.

"अजून आहे तो?"

"तुम्हाला माहीत आहे?"

"मी नाही बघितलेला. पण ज्याने बघितला तो खोटं बोलणारा माणूस नाही. आपल्या दारावरची पाटी रंगवली ना, तो पेंटर."

त्यांनी मेणबत्ती जरा पुढे ओढली. मग सांगू लागले.

"तो गाळा आधी शिंप्याचा होता. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. पोरांचे शाळेचे कपडे त्याच्याकडेच. आया सांगायच्या, वाढत्या अंगाचं शिवा. मास्तर खालच्या दुमडीत एवढी माया ठेवायचा, एवढं जास्तीचं कापड, की पोर वाढलं की नुसतं उसवायचं आणि खाली सोडायचं. आम्ही चिडवायचो, तू स्वतःचाच धंदा बुडवतोस म्हणून. तो हसायचा. त्याला एकच लेक. शाळेत जायची होती, म्हणून तिला पिवळा फ्रॉक शिवला. तो अंगात घालायच्या आत तापाने नेलं तिला."

माझा हात आपोआप चिमणीच्या कपाळावर गेला. गार होतं.

"फ्रॉक खुंटीवरच राहिला. वर्षभरात मास्तरही गेला. मशीन विकलं, कात्र्या विकल्या. फ्रॉक कोण घेणार? आलेला प्रत्येक भाडेकरू म्हणायचा, उद्या काढू."

"आणि पेंटर?" नणंदेने विचारलं.

"सांगतो. पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. जूनमधला शेवटचा शनिवार. रविवारी केकवाला दुकान उघडणार, आणि भिंतीवरची अक्षरं राहिलेली. रात्री साडेनऊला पेंटर आत गेला. धूळ नको म्हणून शटर अर्धं ओढून घेतलं. वीज जोडलेली नव्हती, त्याच्याकडे चार्जिंगचा दिवा होता. एक ओळ झाली. दुसरीला हात घातला, आणि मागच्या खोलीतून आवाज आला. बारीक. टक्. जरा वेळाने पुन्हा... टक्. आधी वाटलं उंदीर. पण त्याची बायको शिवणकाम करते. हा आवाज त्याने रोज ऐकलेला. टाका उसवल्याचा."

नणंदेने माझा दंड धरला.

"मग बोलणं. पुरुषाचं. अगदी हळू. 'सरळ उभी राहा.' ... 'खाली बघू नकोस. वाकलीस की माप चुकतं.' ..."

बाबांचा आवाजही खाली आला होता.

"पेंटर उठला. दाराशी गेला. दिवा वर धरला. खुंटी रिकामी. फ्रॉक खोलीच्या मधोमध. हवेत... उभा. आत कुणी नाही. पण पोकळही नाही. खालची दुमड उसवलेली. आणि तो वळत होता. हळूहळू. माप घेताना पोर वळतं ना... तसा."

"बाबा, पुरे," नवरा म्हणाला.

"पेंटरच्या तोंडून निघून गेलं, 'मास्तर...' फ्रॉक थांबला.  मग आवाज आला. 'कापड संपलं रे.' ... 'पोर वाढतेय. आणि कापड संपलं.'"

नणंद माझ्या आणखी जवळ सरकली.

"पळाला तो?" तिने विचारलं.

"नाही. तिथेच बसून रडला. दोन मुलींचा बाप तो. सकाळी फ्रॉक खुंटीवर होता. दुमड नव्हती. जुन्या घड्यांच्या रेघा तेवढ्या उरल्या होत्या, एकीखाली एक. केकवाला म्हणाला, दुसरी ओळ वाकडी आलीय. पेंटर म्हणाला, दिवा हलत होता. कापड नेऊन ठेवावं असं त्याच्या फार मनात होतं. पण केकच्या दुकानात कापड घेऊन कुठल्या तोंडाने जायचं?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं.

"सूनबाई, मी नको म्हणत नाही. पण तिथे कसलं दुकान हवं, असं मला विचारशील तर..."

वीज आली. पंखा सुरू झाला, मेणबत्ती विझली आणि बाबा पुढचं न बोलता झोपायला गेले.

"रंगवून सांगायची सवय आहे त्यांना," खोलीत आल्यावर नवरा म्हणाला. "तरी आपण दुसरा गाळा बघू."

मी बरं म्हणाले. तो झोपला. मी चिमणीच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास बोटाला जाणवला. मग तिच्या फ्रॉकची खालची दुमड चाचपली. तयार घेतलेला फ्रॉक. बोटभरही माया नव्हती. मला त्या बापाची भीती वाटायला हवी होती. ती काही केल्या वाटेना.

दुसऱ्या दिवशी मी पिवळं कापड घेतलं. मी शिकलेली बाई आहे, म्हणून पिशवीत त्याच्यावर कोथिंबिरीची जुडी ठेवली. किल्ली घेताना औषधवाल्याला सांगितलं, गाळ्याची मापं घ्यायची राहिलीत. मागच्या खोलीत एक स्टूल होतं. त्यावर कापड ठेवलं. काहीतरी बोलायला हवं होतं. शिंप्याकडे गेल्यावर आपण बोलतो तेच तोंडात आलं. "बघा, एवढ्यात बसतंय का," म्हणाले, आणि स्वतःचीच लाज वाटून बाहेर पडले.

नवऱ्याला दुसरा गाळा परवडणारा मिळाला नाही. त्याच आठवड्यात आम्ही करारावर सही करायला गेलो. मालकाने विचारलं, "कसलं दुकान?"

"कापडाचं," मी म्हणाले. "मीटरवर. तयार कपडे नाहीत."

नवऱ्याने चमकून माझ्याकडे बघितलं. 

किल्ली घेऊन मी एकटीच आत गेले. स्टूल रिकामं होतं. फ्रॉक खुंटीवर होता. त्याच्या खाली नव्या पिवळ्या कापडाचा पट्टा जोडलेला, जुन्या रंगापेक्षा थोडा उजळ. हातशिलाई. टाके इतके बारीक की बोटाला लागत नव्हते.

पण पट्टा अगदी अरुंद होता. मी तर भरपूर कापड ठेवलं होतं. मला वाईट वाटलं. रंग जुळला नसेल, असंही मनात आलं. मग मी खालची कड उलटून बघितली.

उरलेलं सगळं कापड आत दुमडून ठेवलं होतं.