सोनमच्या खालचा आवाज

१९९७ चा मार्च. चौदा एप्रिलच्या आत भीमगीतांची कॅसेट काढायचीच, म्हणून राजारामपुरीत एका दवाखान्यावरच्या रफिकच्या स्टुडिओत भर दुपारी आमचं रेकॉर्डिंग चाललं होतं. कीबोर्ड माझा. कोरस तिघींचा: वर अक्षता, मधे तानूबाई, सगळ्यांत खाली माझी बायको सोनम.

कोरस मीच बसवलेला. तिघींचे तीन स्वर मिळून एक कॉर्ड. कॉर्ड बदलली की प्रत्येकीनं अगदी शेजारच्या स्वरावर सरकायचं, उड्या मारायच्या नाहीत. यात मी लई खडूस. आवाज कधी सरकला ते ऐकणाऱ्याला कळताच कामा नये.

पहिला टेक ऐकला आणि माझं टाळकं सणकलं. सोनमच्या खाली चौथी बाई गात होती.

"रफिक, जुनी टेप चढवलीस व्हय?"

"आईशपथ न्हाय, प्रसेनजीतदादा. तुमच्यासमोर कोरी फोडली की."

मला काही पटलं नाही. दुसरी टेप मी स्वतः फोडली. तिच्यातही ती होतीच, आता एक स्वर वर. आणि सरकत होती माझ्याच नियमानं. म्हटलं, तानूबाईच काहीतरी चावटपणा करतेय. गायच्या खोलीच्या काचेला नाक लावून तोंडं मोजली. तोंडं तीनच.

सोनमला तेव्हाच बाहेर काढायला हवं होतं. पण कॅसेटची घाई. मी म्हणालो, "अजून एकदा."

हेडफोनमधे ती बाई सरकत सरकत सोनमच्या स्वरावर आली. दोघींचा एकच आवाज झाला.

पुढची कॉर्ड. आवाज परत दोन झाले. एक वर गेला, एक खाली.

त्यातला सोनमचा कुठला?

बारा वर्षं ऐकतोय मी तिचा गळा. मला सांगता येईना.

तिघी बाहेर आल्या. अक्षता आणि तानूबाई चहाला खाली उतरल्या. सोनम माझ्या मागं उभी राहिली. रफिकनं टेक लावला.

गाणं संपलं. टेप फिरत राहिली.

"अहो," स्पीकरमधून सोनम म्हणाली, "मी आतच हाय की. दार उघडा."

काचेपलीकडं फक्त माईक होते.

माझ्या खांद्यावर हात पडला. हात सोनमचाच, मनगटावर सकाळी तव्यानं भाजलेला डाग.

"रफिकभाई," ती घोगऱ्या, परक्या आवाजात म्हणाली, "तेवढं पुसून टाका."