निळ्या संघाच्या सकाळी

एव्हरशाईन सिटीतल्या त्या ऑफिसचं शटर पहाटे पाच वाजता बंदच होतं. समोर दोन माणसं उभी होती – एलिसा, आणि तिच्या ओळखीचा नसलेला एक तरुण. किल्ली चिराग सरांकडे, आणि सर अजून यायचे होते. ऑक्टोबर सरत आला होता. ओढणी दवाने ओलसर लागत होती.

"आइस हॉकीचं काम इथेच ना?" त्याने विचारलं. "मी जोएल. आजपासून येतोय."

एलिसाने मान हलवली.

"तू बर्फ बघितलायस कधी? खराखुरा?"

"पाचूबंदरला. मासळीवर टाकतात तो."

तो मनापासून हसला. एलिसा हसली नाही. पण पुष्कळ दिवसांनी आपण कुणाला तरी तिरकं उत्तर दिलं, हे तिचं तिलाच जाणवलं.

काम साधं होतं. परदेशातल्या एका लीगचे सामने आपल्याकडे पहाटे दिसायचे. जोडीतल्या एकाने पडद्यावर डोळे ठेवून बोलायचं – पक, म्हणजे ती काळी रबरी चकती, कुठल्या नंबरच्या खेळाडूने कुणाला दिली, कुणी मारली. दुसऱ्याने ते ऐकून नोंदीची बटणं दाबायची. बोलणाऱ्याने पडद्यावरून नजर काढायची नाही, दाबणाऱ्याने कीबोर्डवरून. एका जोडीला हंगामभर एकच संघ. एलिसा आणि जोएलच्या वाट्याला निळ्या जर्सीचा संघ आला. तो बाहेर पडला की जोडी मोडणार आणि दोघांना वेगवेगळी कामं मिळणार, हे पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं.

एलिसाने बटणांची खुर्ची मुद्दाम मागून घेतली होती. नवरा, पीटर, काविळीने गेला त्याला दोन वर्षं होत आली होती. तेव्हापासून कुणाशी बोलायचं तिच्या जिवावर यायचं. घरी सासू होती, फ्लोरा; एलिसा तिला मम्मी म्हणायची. दोघी एकमेकींना धरून होत्या, आणि बहुतेक वेळ गप्पच होत्या.

"सतरा, पास... चार, पास... सतरा, शॉट." रोज सकाळी जोएलचा हा आवाज कानात. नाताळपर्यंत तिला त्याची सवय झाली.

"आवाज बसलाय तुझा," एकदा मध्यांतरात ती म्हणाली.

"कशावरून?"

"सतरा म्हणताना घोगरा लागतो."

"आवाजावरून एवढं कळतं? मग रस्त्यात दिसलो तर ओळखशील?"

"नाही. बघितलंय कुठे नीट?"

"मग एकदा बघून घे."

"...मॅच सुरू झाली."

त्यालाही तिच्या बोटांवरून कळायला लागलं होतं. "आज एंटर फार जोरात पडतंय. मम्मीशी वाजलं?"

"कालवण खारट झालं म्हणाली."

"झालं होतं?"

"झालं होतं," एलिसा म्हणाली, आणि या वेळी हसली.

मार्चमध्ये निळे अगदी शेवटच्या सामन्यांत जिंकत जिंकत बाद फेरीत पोचले. त्या रविवारी चर्चमध्ये मिस्सेला गुडघे टेकले तेव्हा एलिसाच्या मनात आधी निळा संघ आला. पीटर नंतर. घरी येऊन ती जेवली नाही. फ्लोराने एकदा विचारलं, मग ताट झाकून ठेवलं.

निकालाचा सामना एप्रिलच्या अखेरीस आला. हरले की संपलं. बरोबरी झाली आणि जादा वेळ सुरू झाला. आता जो आधी गोल करेल तो पुढे जाणार. जोएलचा आवाज चिरत चालला होता. एलिसाची बोटं घामेजली होती.

"सतरा, शॉट... गोल. गोल, एलिसा."

तिने बटण दाबलं आणि वर पाहिलं. तोही पडदा सोडून तिच्याकडे वळला होता. त्याच्या डाव्या भुवईत एक जुना व्रण होता. इतके महिने शेजारी बसून तिने तो पाहिलाच नव्हता.

"पुढच्या फेरीचे दोन आठवडे तरी मिळाले," तो म्हणाला.

"हं."

"मला दोन आठवडे पुरणार नाहीत. हंगाम संपेल गं कधीतरी... मला तू हवी आहेस. त्यानंतरही."

एलिसाने नजर खाली नेली नाही. हेडफोनमध्ये कुणीतरी ओरडत होतं, ते दोघांनाही ऐकू आलं नाही.

"अरे, कुठे आहात तुम्ही दोघं?" चिराग सरांनी टेबलावर हात आपटला.

पडद्यावर निळे माना खाली घालून उभे होते. त्यांचा गोल पंचांनी ऑफसाइड ठरवून रद्द केला होता. खेळ पुन्हा सुरू झाला होता आणि समोरच्या लाल संघाने गोल केला होता. या दोघांकडे त्यातली एकही नोंद नव्हती.

"मागे घे," एलिसा म्हणाली.

जोएलने चित्र मागे नेलं. हरल्याची नोंद आता त्यांनाच करायची होती. तो बोलू लागला, पण लालांनी पक हिसकावली तिथे त्याचा आवाज अडकला. मग एलिसाच बोलली. "नऊ, शॉट. गोल." आणि तिनेच बटण दाबलं.

पडद्यावर दोन्ही संघ रांगा करून एकमेकांशी हात मिळवत होते.

"मी घाई केली," जोएल म्हणाला. "जमलं तर विसर."

"रविवारी मिस्सेनंतर आम्ही पीटरच्या कबरीवर जातो. मी आणि मम्मी." ती थांबली. "तू ये."

"मम्मींना काय सांगू?"

"तू नको. मी सांगेन."

रविवारी तिने सांगितलं. कबरीशेजारी उभी राहून, चार वाक्यांत. मध्ये एकदा अडखळली, तरी ती थांबली नाही. फ्लोराने ऐकून घेतलं. जोएलकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मग दगडावर कोरलेल्या मुलाच्या नावाकडे. समुद्रावरून वारा येत होता आणि एलिसाच्या हातातली मेणबत्ती काही केल्या पेटत नव्हती.

"उभा काय ऱ्हायलास?" फ्लोरा जोएलला म्हणाली. "वारा हाय ना. हात धर आडवा."

जोएल गुडघ्यांवर बसला. त्याने दोन्ही तळव्यांचा आडोसा केला, आणि एलिसाने पुन्हा काडी ओढली.