सहा नेल्या, नऊ आणल्या

ग्रंथपालांना आयुष्यात दोनच गोष्टींची मनापासून भीती वाटे: दुकानदाराशी बोलण्याची आणि फोनवर बोलण्याची. आकाशात एकट्याने उडण्याची मात्र मुळीच नव्हती. निवृत्त झाल्यावर त्यांनी टपालाने आराखडे मागवले, धावपट्टीच्या कडेला पत्र्याची एक शेड भाड्याने घेतली आणि स्वतःच्या हाताने विमान बांधायला घेतलं. लहानसं, एका माणसापुरतं, एकच आसन असलेलं. त्याला आता अकरा वर्षं होत आली होती. बायको त्याला थोरली लेक म्हणे. "सगळ्या गावच्या पोरी उजवल्या, आमचीच अजून घरात," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची आणि वर डबा घेऊन रोज दुपारी शेडवरही यायची.

पण आता लेक खरोखरच उजवायला आली होती. शुक्रवारी दुपारी तपासनीस येणार होते. ते या बाजूला वर्षातून दोनदाच फिरकत. त्यांनी सही केली की विमान उडवायला मोकळं. नाही केली, तर सहा महिने थांबा. आणि ग्रंथपालांकडे सहा महिने नव्हते. डॉक्टरांनी उडायला लायक असल्याचा दाखला देताना हसत हसत सांगितलं होतं, "काका, चार महिन्यांचा आहे. त्यापुढे तुमचं हृदय आणि माझी सही, दोन्हींच्या भरवशावर राहू नका."

म्हणजे या शुक्रवारी, नाहीतर कधीच नाही.

काम फार राहिलं नव्हतं. आसनाच्या बाजूच्या पट्ट्या आणि आसनामागचा शेपटीपर्यंतचा निमुळता भाग आतून घासायचा आणि त्यावर प्रायमर मारायचा. अॅल्युमिनियमचा पत्रा गुळगुळीत असला की प्रायमर धरत नाही. मरून रंगाच्या मऊ घासणीने त्याची चकाकी घालवावी लागते. त्या घासण्यांचं अख्खं पाकीट ग्रंथपालांनी जपून ठेवलं होतं. पण रविवारी बायकोला अचानक घराचं लोखंडी फाटक रंगवायची हुक्की आली.

"अहो, काय सुरेख घासण्या आहेत तुमच्या! बघा, गंजाचा एक ठिपका राहिला नाही," ती कौतुकाने म्हणाली.

ग्रंथपालांनी फाटकाकडे पाहिलं. मग बादलीत पडलेल्या घासण्यांकडे पाहिलं. लोखंडाला लागलेली घासणी अॅल्युमिनियमला लावायची नसते. लोखंडाचा कण पत्र्यात रुतून बसतो आणि पुढे तिथूनच पत्रा पोखरत जातो. हे सगळं त्यांच्या ओठांवर आलं होतं.

"छान निघालंय," ते म्हणाले.

सोमवारी ते हार्डवेअरच्या दुकानासमोरून तीनदा गेले आणि चौथ्यांदा आत शिरले. दुकानदाराने त्यांच्यापुढे भांड्यांची तारेची घासणी टाकली. "घासणी म्हणजे घासणी, काका. टोप घासा नाहीतर विमान घासा."

ग्रंथपालांनी चाचरत लोखंडाच्या कणाची गोष्ट सांगितली. दुकानदाराने ती शेवटपर्यंत ऐकली, ही त्याची सज्जनताच. मग म्हणाला, "तुमच्यासारखेच आणखी दोघं-चौघं येतात डोकं खायला. त्यांना मी धावपट्टीच्या मागे पाठवतो. जुन्या गुदामांची रांग आहे ना, त्यातलं शेवटचं दार. बाईंचं दुकान. बाईही तुमच्यासारख्याच आहेत."

शेवटच्या दारावर पाटी नव्हती. आत छतापर्यंत मांडण्या होत्या, आणि वाचनालयात असावी तशी त्यांना लावलेली शिडी होती. ती पाहून ग्रंथपालांची निम्मी भीती गेली. रिव्हेटचे डबे, चिकटपट्ट्यांची वेटोळी, ड्रिलची पाती, पॉलिश पेपरचे गठ्ठे, सगळं मापाप्रमाणे लावलेलं. प्रायमरचा आणि नव्या रबराचा वास. गल्ल्यामागे एक जाडजूड, हसऱ्या बाई चष्मा कपाळावर सरकवून बसल्या होत्या.

"मरून घासण्या?" ग्रंथपालांनी तोंड उघडण्याआधीच त्यांनी विचारलं. "बायकोनं फाटक घासलं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"दादा, सगळ्यांच्या बायका फाटकच घासतात."

बाईंच्या दुकानाची एक रीत होती. झिजलेली घासणी आणून द्यायची, तेव्हाच नवी मिळायची. एकास एक. जुनी घासणी कुठेतरी लोखंडाला लागायची आणि चुकून परत विमानात यायची, त्यापेक्षा ती इथेच परत आलेली बरी, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक विमानाचा क्रमांक घातलेला पुठ्ठ्याचा खोका त्यांच्याकडे असे. ग्रंथपालांचाही त्यांनी एक केला.

"किती जण आहात कामाला?"

"मी एकटाच."

"मग सहा पुरतील. विश्वासावर देते. परत आणा."

मंगळवारी सकाळी ग्रंथपाल आसन काढून विमानात आडवे झाले आणि घासायला लागले. कामात सुख होतं. पत्र्यावरची चकाकी हळूहळू मावळायची आणि मऊ राखाडी रंग वर यायचा. आतल्या पोकळीत घासण्याचा आवाज घुमायचा, खसखस, खसखस. हात जिथवर पोचतो तिथवर त्यांनी दिवसभरात उरकलं. पुढे शेपटीकडे निमुळतं होत जाणाऱ्या हातभर भागासाठी उद्या काठीला घासणी बांधायची, असं ठरवून आणि कामाच्या वहीत तसं लिहून ते घरी गेले.

बुधवारी सकाळी त्यांनी झिजलेल्या घासण्या पिशवीत भरल्या आणि बाईंच्या दुकानात रिकाम्या केल्या. बाईंनी त्या गल्ल्यावर पत्त्यांसारख्या मांडल्या.

नऊ होत्या.

"सहा नेल्या होत्या ना?" ग्रंथपाल ओशाळून म्हणाले. आपलंच काहीतरी चुकलं असणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. "फाटकाच्या मिसळल्या की काय? पण त्या तर मी टाकून दिल्या."

बाईंनी एक घासणी उचलून नाकाशी धरली. "लोखंड नाही लागलेलं. अॅल्युमिनियमच आहे." मग त्यांनी घासण्यांचे दोन गट केले. "ह्या सहा तुमच्या. हे बघा, तुमच्या बोटांच्या खळग्या. आखूड, गोल. अंगठा इथे दाबता तुम्ही. आणि ह्या तीन लांब बोटांच्या."

ग्रंथपालांनी आपली बोटं खळग्यांवर ठेवून पाहिली. सहांवर ती नेमकी बसली. उरलेल्या तिन्हींवर खळग्या त्यांच्या बोटांच्या पुढे पेरभर जात होत्या.

"दोघं घासताय की," बाई म्हणाल्या.

"नाही हो, मी एकटाच आहे."

"असं." बाईंनी सगळ्या घासण्या खोक्यात टाकल्या आणि नऊ नव्या मोजून दिल्या. "सोबत मिळाली म्हणायची. सगळ्यांना नाही मिळत."

"कोणाची सोबत?"

"मी घासण्या ओळखते, दादा. माणसं नाही ओळखत."

शेडमध्ये येऊन त्यांनी काठीला घासणी बांधली, बॅटरी लावली आणि शेपटीकडच्या भागात उजेड टाकला. तो भाग घासलेला होता. कोपरान् कोपरा. जिथे त्यांचा हात जाणं शक्य नव्हतं तिथे एकसारखा, मऊ, राखाडी. त्यांच्या स्वतःच्या कामापेक्षा कितीतरी सफाईदार.

दुपारी बायको डबा घेऊन आली तेव्हा त्यांनी विचारलं, "अगं, काल तू आत काही घासलंस का?"

"मी? फाटकाच्या वेळी तुमचा चेहरा पाहिला, तेव्हाच कानाला खडा लावलाय. तुमच्या लेकीला मी बोट लावणार नाही." तिने बॅटरी घेऊन आत डोकावलं. "पण छान झालंय हो. तुम्ही केलंय असं वाटत नाही."

"तेच म्हणतोय मी."

"इतकं कमी नका लेखू स्वतःला," ती म्हणाली आणि पोळीची घडी त्यांच्या हातात ठेवली.

दुपारभर ते आसनाच्या बाजूच्या पट्ट्या घासत होते. चारच्या सुमारास घाम पुसायला हात थांबवला. खसखस आवाज थांबला, पण लगेच नाही. घासल्याचा एक आवाज जास्त झाला.

पोकळ जागेत आवाज घुमतो, हे ग्रंथपालांना पुस्तकांतून माहीत होतं. त्यांनी मुद्दाम पाच वेळा घासलं आणि थांबले. आतून सहा ऐकू आले. पुन्हा तीन वेळा घासलं. चार. वहीत त्यांनी हे आकडे लिहिले, पुढे 'प्रतिध्वनी?' असं लिहिलं आणि थोड्या वेळाने प्रश्नचिन्ह अधिक ठळक केलं.

एक गोष्ट मात्र त्यांनी वहीत लिहिली नाही. भीती वाटायला हवी होती, ती वाटलीच नव्हती. अकरा वर्षं ते या शेडमध्ये एकट्याने पत्रे कापत, वाकवत, ठोकत आले होते. शेजारी कोणी काम करतंय आणि ते बोलतही नाही, ही त्यांच्या दृष्टीने आदर्श सोबत होती. संध्याकाळी निघताना त्यांनी तीन कोऱ्या घासण्या विमानाच्या पलीकडच्या बाजूला ठेवल्या. शेजारी नीट घडी केलेलं एक फडकंही ठेवलं.

गुरुवारी सकाळी तिन्ही झिजलेल्या होत्या. पट्ट्या घासून झाल्या होत्या. फडक्याला हात पुसलेले होते. ग्रंथपालांनी शीळ घालत प्रायमर मारला, दुपारी तो वाळला, संध्याकाळपर्यंत त्यांनी आसन परत बसवलं आणि त्याचे पट्टे तपासले.

शुक्रवारी तपासनीस आले ते हसतच. गुबगुबीत गृहस्थ, काखेत कागदांची फाईल. आरसा आणि बॅटरी घेऊन ते अर्धा तास विमानात डोकं खुपसून होते. बाहेर आले ते कौतुकाने मान हलवत. "काका, शेपटीपर्यंत हात कसा पोचवलात हो? लोक तिथे हमखास लबाडी करतात."

"काठीला बांधून," ग्रंथपाल म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले.

"आता वजन. रिकामं विमान दोनशे चाळीस किलोच्या आत हवं. तेवढं झालं की सही."

ग्रंथपाल निर्धास्त होते. अकरा वर्षांत विमानात गेलेला प्रत्येक तुकडा त्यांनी आधी तोलून वहीत लिहिला होता. बेरीज दोनशे अठरा. दोन्ही चाकांखाली एकेक आणि शेपटीच्या चाकाखाली एक असे तीन काटे ठेवले. विमान वर चढवलं. सगळे बाजूला झाले.

डावीकडे एकशे पंचवीस. उजवीकडे एकशे पंचवीस. शेपटीकडे एकोणतीस.

"दोनशे एकोणऐंशी," तपासनीस म्हणाले. "आत हत्यारांची पेटी वगैरे राहिली का?"

आत काही नव्हतं. विमान उतरवलं. तपासनीस स्वतः एकेका काट्यावर उभे राहिले. तिन्ही काट्यांनी एकच वजन दाखवलं.

"उतरा आता, साहेब," ग्रंथपालांची बायको म्हणाली. "काटे दमले."

विमान पुन्हा चढवलं. एकशे पंचवीस, एकशे पंचवीस, एकोणतीस.

तपासनिसांनी पेनाला टोपण लावलं. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "एकसष्ट किलो जास्तीचे कुठून आले तेवढं शोधा, काका. पुढच्या खेपेला बघू. सहा महिने काय, हां हां म्हणता जातील."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं.

ग्रंथपालांनी चष्मा पुसला. ते विमानाजवळ गेले, पण काट्यांपासून दोन पावलं दूर उभे राहिले. चाळीस वर्षं वाचनालय बंद करायच्या वेळी शेवटच्या वाचकाशी ज्या आवाजात ते बोलत आले होते, त्याच आवाजात ते रिकाम्या आसनाला म्हणाले, "माफ करा हं. जरा उतरता का?"

विमान किंचित डावीकडे कललं.

डावा काटा एकशे बावन्नावर गेला. उजवा एकशे एकवर आला. पंखाच्या मुळाशी पाय देऊन कोणी जपून उतरावं, तसा पत्रा कुरकुरला.

मग विमान सरळ झालं.

अठ्ठ्याण्णव. अठ्ठ्याण्णव. बावीस.

तपासनिसांनी काट्यांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग बराच वेळ आपल्या कागदाकडे पाहिलं.

"काटे तापायला वेळ लागतो कधीकधी," ते अखेर म्हणाले आणि दोनशे अठरा लिहिलं. सही केली. खाली शिक्का मारला.

"उजवली एकदाची!" बायको म्हणाली आणि पदराने डोळे टिपले.

ग्रंथपालांनी कागद हातात घेतला. शाई ओली होती. आपलं नाव, विमानाचा क्रमांक आणि खाली 'आसनं: एक'. ते हसले, अकरा वर्षांत असे हसले नव्हते. तपासनिसांनी त्यांचा हात हातात घेऊन जोरजोराने हलवला. बायकोने थर्मासमधून तीन पेले चहा ओतला.

पहिला घोट घेताना ग्रंथपालांची नजर काट्यांवर गेली.

डावा काटा चढत होता. शंभर. एकशे तीस. एकशे बावन्न.

मग दोन्हीकडे एकशे पंचवीस झाले, आणि आतून आसनाचा पट्टा लागल्याचा बारीकसा आवाज आला.