धुराआड परतलेलं विमान

"अगं युस, मयत असं ताटकळत ठेवू नये! आणखी किती वेळ?" मामांचा आवाज कातर झाला होता.

"मामा, तो विमानात बसलाय हो... दुपारच्या दुसऱ्या नमाजापर्यंत थांबा, एवढं ऐका माझं!"

"घराबाहेर काढणारीच आता वाट बघतेय बाई!" दाराशी बसलेली शेजारीण पुटपुटली.

युस्निदारने ते ऐकलं आणि गिळलं... जसं इतकी वर्षं गिळत आली होती.

जकार्ताहून पादांग, विमानाने दोन तासांच्याही आतली वाट! सकाळी निघालेला माणूस जेवायला घरी पोचतो; पण तिच्या धाकट्या भावाला, अफ्रिझालला, कित्येक ईदा सरल्या तरी तेवढी वाट सरली नव्हती. आपल्याच कुळातल्या, म्हणजे रिवाजाने बहीणच मानलेल्या, मुलीवर त्याचा जीव जडला, कुणीतरी ते मामांच्या कानावर घातलं, आणि पंचांनी त्याला गावाबाहेर काढलं. "कोण बोललं? सांगा मला!" असा टाहो त्याने फोडला, तेव्हा अमकचे, त्यांच्या आईचे, ओठ थरथरताना युस्निदारने पाहिले आणि ती पुढे झाली. "मी सांगितलं!" बहिणीचा द्वेष करून माणूस जगतो, आईचा करून कसा जगेल?

आणि काल संध्याकाळी अकस्मात त्याचा निरोप आला होता... उद्याच्या विमानाने येतोय. आज पहाटे अमक गेली!

वणव्यांच्या धुराने आकाश मातकट झालं होतं. एवढ्यात माथ्यावर घरघर उठली. सगळ्यांनी वर पाहिलं. दिसलं काहीच नाही. ती घरघर दूर गेली, पुन्हा माघारी आली... आणि हळूहळू विरून गेली.

थोड्या वेळाने फोन आला. धुरामुळे विमान उतरू शकलं नव्हतं. ते दूरच्या बाताम बेटाकडे वळवलं होतं.

"उचला..." युस्निदार एवढंच म्हणाली.

अफ्रिझाल दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. केस पिकले होते, डोळे सुजले होते. कबरीवर पाणी शिंपून तो तसाच घरी आला आणि पायरीवर बसलेल्या बहिणीपुढे कोसळला.

"उनी!"

किती वर्षांनी ही हाक! मोठ्या बहिणीला मारायची हाक...

"उशीर झाला रे, अफ्री! तिचं तोंडही दिसलं नाही तुला..."

"दैव माझं! पण मी आधी तुझ्यासाठी निघालो होतो, उनी. परवा अमकचा फोन आला होता."

"फोन? तिचा?"

"रडत होती गं. म्हणाली, 'मामांना मीच सांगितलं होतं. त्या पोरीने माझं पाप डोक्यावर घेतलं आणि मी भित्री, गप्प राहिले... तू मला भेटायला येऊ नकोस. आधी तिचे पाय धर.'"

अमकने हे एकदाही बोलून दाखवलं नव्हतं! शेवटच्या घासापर्यंत युस्निदार भरवायची, तेव्हा अमक नुसती टक लावून पाहायची. ती नजर तुटलेल्या लेकासाठी आहे, असंच हिला वाटत आलं होतं...

कालच्या पहाटेपासून कोरडे राहिलेले तिचे डोळे आता भरून वाहू लागले. तिने भावाचं डोकं मांडीवर ओढून घेतलं आणि लहान पोरीसारखं विचारलं,

"काय म्हणाली रे ती माझ्याबद्दल? ... पुन्हा सांग."